बुधल्याला पंचेचाळीस कोस

मुलांनो, मोबाइल खाली ठेवा आणि नीट बसा. गोष्ट गाडीची आहे.

एका जंगलात गाड्या आल्या. जंगल कोणतं ते विचारू नका. नाव सांगितलं की तिथले ज्येष्ठ नागरिक निषेधाचं पत्र पाठवतात.

समुद्रापलीकडे कोरिया नावाचा देश आहे. तिथल्या मुनसू नावाच्या कंपनीने विचार केला, की जगात वाघ-सिंह फार थोडे. बाकी सगळे मध्यम प्राणी. वाघ-सिंहांना मोठ्या गाड्या विकणारे पुष्कळ आहेत. आपण मध्यम प्राण्यांना परवडेल अशी गाडी काढू.

म्हणून त्यांनी मुनसू पिपी काढली. इवलीशी, गोल डोळ्यांची, पिकल्या जांभळाच्या रंगाची. छताला खिडकी होती. गाडी मागे घेताना आतून एक बाई बोलायची. ती कोरियन भाषेत बोलायची, त्यामुळे तिच्याशी कुणाचं भांडण झालं नाही.

पिपी करंजाच्या तेलावर चालायची. तेल जंगलात कमी. घरटी पंधरवड्याला एक बुधला मिळायचा. तो संपला, की पुढच्या वाटपापर्यंत गाडीवर कापड घालून ठेवायचं आणि रोज सकाळी ते कापड झटकायचं.

चौघांनी ही गाडी घेतली. केसकर नावाचं अस्वल, दातार नावाचं रानडुक्कर, शिंगणे नावाचं सांबर आणि बापू काटे नावाचं साळिंदर. चौघंही निवृत्त. शिंगणे सोडले तर कशातून निवृत्त ते नक्की कुणाला ठाऊक नव्हतं, पण निवृत्त होते एवढं नक्की.

आता गाडी म्हटली की कुरबुरी आल्याच. केसकरांच्या गाडीत थंड हवेचं बटण दाबलं की गरम हवा यायची. दातारांची गाडी डावीकडे वळली की आपोआप हॉर्न वाजायचा. शिंगणे सरांच्या छताची खिडकी एकदा उघडली ती मिटलीच नाही. बापूंच्या गाडीत समोर एक लाल दिवा लागायचा. बापूंनी त्यावर विड्याचं पान चिकटवलं. दिवा दिसेनासा झाला. गाडी दुरुस्त झाली.

पण कुणी विचारलं, "गाडी कशी आहे हो?" तर चौघांचं उत्तर एकच.

"एकदम मस्त!"

"गरम हवा येते म्हणे?"

"थंडीत बरं पडतं," केसकर म्हणायचे.

"हॉर्न वाजतो म्हणे?"

"सुरक्षिततेसाठी आहे ते. परदेशात असंच असतं," दातार म्हणायचे. दातार परदेशात कधी गेले नव्हते. म्हणून तर त्यांना तिथलं सगळं माहीत होतं.

त्या जंगलाची एक रीत होती, मुलांनो. आपण घेतलेल्या वस्तूला नाव ठेवायचं नाही. वस्तूला नाव ठेवलं तर ती घेणाऱ्याच्या अकलेला बोल लागतो. आणि ज्येष्ठांची अक्कल हा जंगलाचा सामाईक ठेवा होता. त्याला कुणी हात लावत नसे. ते स्वतःसुद्धा नाही.

रोज संध्याकाळी वडाच्या पारावर ही मंडळी जमत. आणि रोज तोच प्रश्न निघे.

"किती देते?"

म्हणजे एका बुधल्यात किती कोस जाते.

"माझी चोवीस देते," केसकर म्हणाले.

"माझी अठ्ठावीस," दातार म्हणाले. "गाडी हाताळण्यावर असतं सगळं."

शिंगणे सर मुख्याध्यापक होते. त्यांना गोल आकडे आवडत नसत. "तेहतीस पूर्णांक तीन," ते म्हणाले.

बापू काटे शांतपणे सुपारी कातरत होते. सगळ्यांचं संपेपर्यंत ते थांबले. मग सुपारीचा तुकडा तोंडात टाकून म्हणाले, "पंचेचाळीस."

एक माकड फांदीवरून पडता पडता राहिलं.

आणि पाराच्या मागे उभी असलेली शाल्मली दातओठ खात म्हणाली, "पंधरा!"

शाल्मली ही बापूंची मुलगी. तरुण साळू. नदीकाठच्या कॉलेजात शिकून आली होती. मोजमाप हा तिचा विषय. तिला कुठलीही गोष्ट दिसली की ती मोजायची. आणि चूक दिसली की तिच्या पाठीवरचे काटे आपोआप उभे राहायचे. घरी परतल्यापासून ते फारसे आडवे झालेच नव्हते.

"बाबा, मी चाकाला लाल दोरा बांधून फेरे मोजलेत. एका बुधल्यात पंधरा कोस. तेही उतारावर इंजिन बंद केलं तर."

"दोरा कुठला होता?" बापूंनी विचारलं.

"सुती."

"हां. मग बरोबर. सुती दोरा ताणतो." बापूंनी मंडळींकडे पाहिलं. मंडळींनी माना हलवल्या. सुती दोरा ताणतो हे कुणाला माहीत नाही?

"कॉलेजात दोऱ्याबद्दल शिकवत नाहीत वाटतं हल्ली," शिंगणे सर म्हणाले.

शाल्मलीचे काटे एवढे ताठ झाले, की पारावरची चटई तिच्याबरोबर घरी गेली.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण दुसऱ्याच दिवशी पत्र आलं.

जंगलातला पोस्टमन कासव होता. पत्र निघून तीन आठवडे झाले होते. कासवाने ते दिलं आणि म्हणाला, "तातडीचं आहे, म्हणून आधी तुमच्याकडे आलो."

पत्रात लिहिलं होतं, की तांबड्या टेकडीवरच्या पाणवठा कार्यालयात कुमारी शाल्मली काटे यांची मोजणीदार म्हणून निवड झाली आहे. अमुक दिवशी सूर्य मावळण्याच्या आत हजर व्हावं. न झाल्यास जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला दिली जाईल. पुढचा उमेदवार एक कोल्हा होता. त्याला दहाच्या पुढे मोजता येत नव्हतं, पण त्याचा काका ओळखीचा होता.

तो अमुक दिवस परवा होता. आणि तांबडी टेकडी बेचाळीस कोसांवर होती.

साळूचे पाय आखूड. चालत गेली असती तर सहा दिवस लागले असते. शाल्मलीने धावत जाऊन बापूंना पत्र दाखवलं. बापूंचा ऊर भरून आला. त्यांनी पत्र चार वेळा वाचलं आणि पाचव्यांदा शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"गाडी घेऊन जा," ते म्हणाले. "आपली गाडी कशासाठी आहे?"

"तीन बुधले तेल लागेल, बाबा."

"तीन?" बापू हसले. "अगं, एका बुधल्यात पोचशील. वर तीन कोसांचं तेल उरेल. तेवढ्यात तिकडची देवळंबिवळं बघून घे."

"बाबा, गाडी पंधरा देते."

"पंचेचाळीस देते."

"पंधरा!"

"शाल्मले, काटे खाली कर. पडदा फाटतोय."

ती केसकरकाकांकडे गेली. केसकरांच्या अंगणात त्यांचा बुधला भरलेला होता. कालच वाटप झालं होतं.

"काका, तेल उसनं द्याल? नोकरीवर हजर व्हायचंय. पुढच्या वाटपाला परत देते."

"अगं, देणार नाही असं होईल का?" केसकर म्हणाले आणि बुधल्यासमोर जरा सरकून बसले. "पण बापूंची गाडी पंचेचाळीस देते. तू तेल मागतेस म्हणजे बापूंना खोटं पाडतेस. माझ्या हातून मित्राचा अपमान व्हायचा नाही, बाळ."

दातारांनी तेच सांगितलं. शिंगणे सरांनी तेच सांगितलं, फक्त त्यात एक सुभाषित घातलं.

शाल्मली घरी आली आणि कोपऱ्यात बसली. दोन वर्षं अभ्यास केला. परीक्षेत पहिली आली. आणि आता ती जागा कोल्ह्याला जाणार, कारण चार म्हाताऱ्यांना एक आकडा गिळता येत नाही!

"आई," ती म्हणाली, "बाबा इतकं खोटं का बोलतात गं?"

आई पाटावर कंद चिरत होती. तिने मान वर केली नाही. "खोटं बोलत नाहीत ते. एकदा बोललेलं मागे घेत नाहीत, एवढंच."

"एकच झालं."

"एक नाही." आईने कंद पालथा केला. "तुझ्या आत्याच्या सासरचे आले होते, आठवतं? धो धो पाऊस. ह्यांनी सांगितलं, आमच्या बिळाचं छत कध्धी गळत नाही. आणि नेमकं गळायला लागलं. मग तुझे बाबा काय करत होते?"

"एका जागी उभे होते."

"तीन तास उभे होते. गळत होतं बरोब्बर त्याच्या खाली, डोक्यावर धार घेत. पाहुण्यांना म्हणाले, मला बसायची सवय नाही. पाहुण्यांवर थेंब पडू दिला नाही माणसाने. पुढे आठ दिवस ताप." आई उठली. "बोललेलं खरं करायला ते काय वाटेल ते करतील. फक्त कुणी बघत असलं पाहिजे."

शाल्मलीने आईकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं. आणि कित्येक महिन्यांनी तिच्या पाठीवरचे काटे हळूहळू आडवे झाले.

संध्याकाळी ती पारावर गेली. गर्दी होती. झाडावर माकडं होती. माकडं असली की वर्तमानपत्र लागत नाही.

"केसकरकाका, दातारकाका, सर, बाबा," ती हात जोडून म्हणाली, "माझं चुकलं."

चौघं दचकले. असं वाक्य त्यांनी तरुण प्राण्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. स्वतःच्याही नव्हतं.

"सुती दोरा ताणतो. मी परवा सकाळी एकच बुधला घालून तांबड्या टेकडीला निघणार. एका बुधल्यात बेचाळीस कोस!"

"शाबास!" बापू म्हणाले. मग त्यांना आपण काय म्हणालो ते कळलं आणि सुपारी घशात अडकली.

"आणि एवढा पराक्रम जगाला कळायला हवा ना? म्हणून मी एक दगड बरोबर नेणार आहे. गाडी जिथे थांबेल, तिथे रस्त्याच्या कडेला रोवणार. त्यावर लिहिणार, 'मुनसू पिपी एका बुधल्यात इथवर आली.' आणि खाली चारही मालकांची नावं. पिढ्यान्‌पिढ्या लोक वाचतील."

"आमची नावं कशाला?" केसकर घाईने म्हणाले. "गाडी बापूंची आहे."

"गाड्या सारख्याच ना, काका? मागच्याच आठवड्यात तुम्ही म्हणालात, मुनसूत डावंउजवं नसतं."

वरून माकडं ओरडली, "दगड! दगड! दगड!"

दातारांनी कपाळावरचा घाम पुसला. शिंगणे सरांना एकही सुभाषित आठवेना.

आता ऐका, मुलांनो. त्या जंगलात दुपारी जेवणानंतर ज्येष्ठ मंडळी वामकुक्षी घेत. वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर जरासं पडणं. जरासं म्हणजे चार वाजेपर्यंत. या वेळात त्यांना भूकंपानेही उठवलेलं चालत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाल्मलीने गाडीत सर्वांसमोर एक बुधला तेल ओतलं, गाडी करवंदीच्या जाळीजवळ उभी केली आणि स्वतः जाळीत शिरून बसली. करवंदीला काटे, हिलाही काटे. कोण कुठलं ते ओळखता येत नव्हतं.

थोड्या वेळाने पाचोळा वाजला. केसकर आले, काखेत बुधला घेऊन. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, गाडीचं झाकण उघडलं आणि आपलं पंधरवड्याचं तेल गळगळ ओतून टाकलं. वळतात तोच समोर दातार.

"केसकर! तुम्ही? या वेळी?"

"मुंग्या शोधतोय."

"काखेत काय आहे?"

"मुंग्याच. तुमच्या तोंडात काय?"

"कंद," दातार बुधला दातात धरून म्हणाले.

"कंदाला झाकण?"

"नवीन जात आहे."

"असं असं. बरंय मग. निजतो."

"निजा निजा. मीही निजलेलोच आहे."

दातारांनी आपला बुधला ओतला आणि शेपटी वळवून पळाले. मग शिंगणे सर आले. त्यांनी बुधला शिंगात अडकवला होता आणि वर वर्तमानपत्र पांघरलं होतं. मान कलती करून ओतताना थोडं तेल कानात गेलं.

"ही फसवणूक नव्हे," सर स्वतःशीच म्हणाले. "पास व्हायला थोडे कमी पडले, तर आम्ही ग्रेसचे गुण देत नव्हतो का? तसंच आहे हे."

जाळीत शाल्मलीने दोन्ही पंजे तोंडावर दाबून धरले होते. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

शेवटी बापू आले. पाहुण्यांसाठी म्हणून त्यांनी तांदळाच्या कणगीमागे एक बुधला लपवून ठेवला होता. तो छातीशी धरून ते पाय न वाजवता चालत होते. त्यांनी झाकण उघडलं. आत डोकावले. टाकी काठोकाठ भरलेली!

बापूंनी झाकण लावलं. पुन्हा उघडलं. पुन्हा डोकावले. बोट बुडवून चाटलं.

मघाशी एकच बुधला घातला होता. टाकी चार बुधल्यांची. आणि आता ती भरलेली आहे. याचा अर्थ एकच होत होता.

बापू मटकन खाली बसले. त्यांनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला.

"मी आपला बोलायला बोलत होतो गं," ते गाडीला म्हणाले. "तू तर खरोखरची निघालीस."

घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "आपली गाडी तेल खात नाही. तेल तयार करते."

"असेल," आई म्हणाली आणि कणगीमागे परत आलेला बुधला पाहून भाकऱ्या थापायला बसली.

चार बुधले म्हणजे साठ कोस. जायचं बेचाळीस. शाल्मली त्या रात्री गाढ झोपली. तिचा हिशेब चोख होता. फक्त त्यात एक गोष्ट धरायची राहिली होती, ती म्हणजे मोठ्यांचं प्रेम.

सकाळी ती गाडीजवळ आली तर गाडीत चौघं बसलेले.

"हे काय?"

"तुला सोडायला येतोय," बापू पुढच्या सीटवरून म्हणाले.

"एकट्या पोरीला एवढ्या लांब कसं पाठवायचं?" केसकर मागून म्हणाले. खरं म्हणजे केसकर मागे नव्हते. केसकर सगळीकडे होते. त्यांच्या आणि दाराच्या मधे दातार होते. शिंगणे सर मधोमध बसले होते, म्हणजे त्यांचं धड बसलं होतं. मान आणि शिंगं छताच्या खिडकीतून बाहेर होती. आणि चौघांचाही मनातून एकच बेत होता. गाडी थांबलीच, तर तो दगड पोरीच्या हाती लागू द्यायचा नाही.

शाल्मली पांढरी पडली. "काका, अहो, वजन! एवढ्या वजनाने गाडी जास्त तेल—"

"मुनसूला वजन कळत नाही," दातार म्हणाले. "परदेशात हत्ती नेतात."

काही इलाज नव्हता. नकार द्यायचा तर गाडी कमी देते असं म्हणावं लागलं असतं. आणि ते परवाच मागे घेतलं होतं. शाल्मली स्टिअरिंगपाशी बसली. सीटवरचं प्लास्टिक बापूंनी तीन वर्षांत काढलं नव्हतं. तिच्या काट्यांनी ते फाट् फाट् करत फाटलं. बापूंनी डोळे मिटून घेतले. ती गाडी मागे घेऊ लागली. आतली बाई कोरियनमध्ये काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" दातारांनी विचारलं.

"वा, काय मंडळी आहेत, म्हणते," केसकर म्हणाले.

गाडी निघाली. मुलांनो, तुम्ही कधी मोठ्यांना घेऊन गाडी चालवली आहे का? बेचाळीस कोसांत शाल्मलीला "हळू" हा शब्द तीनशे अकरा वेळा ऐकू आला. तिने मोजला. "क्लच" नव्वद वेळा. वरून शिंगणे सर पुढे काय येतंय ते ओरडून सांगत होते, पण वाऱ्यामुळे ते मागे गेल्यावर ऐकू येत होतं.

दहा कोस गेले. वीस गेले. तेलाचा काटा भराभर खाली येत होता. तिसाव्या कोसाला चढ लागला, तेव्हा इंजिन कण्हायला लागलं. अडतिसाव्या कोसाला विड्याच्या पानामागून तांबडा उजेड दिसू लागला. बापूंनी खिशातून दुसरं पान काढून वर चिकटवलं.

तांबडी टेकडी समोर दिसली. वर पाणवठा कार्यालयाचं फाटक. मागे सूर्य, टेकडीपासून दोन हात वर. राहिला अर्धा कोस.

गाडी खोकली. दोनदा हुंदका दिला. आणि बंद पडली.

दूर एक टिटवी ओरडली.

"थांबली," शाल्मली म्हणाली. अर्धा कोस चढ तिच्या पायांनी सूर्याआधी संपणार नव्हता. "संपलं सगळं. द्या तो दगड. रोवते आणि घरी जाऊ."

"कुठला दगड?" दातारांनी विचारलं. ते सकाळपासून दगडावरच बसले होते.

"थांबली कुठे?" बापू म्हणाले.

"बाबा, बघा ना. हलत नाहीये."

"विचार करतेय."

"आमचे पाय आखडलेत," केसकर एकदम म्हणाले. "जरा उतरून चालावं म्हणतो."

"मीही," दातार म्हणाले.

"व्यायाम हवाच," शिंगणे सर म्हणाले आणि बाकी तिघांनी मिळून आधी सरांची शिंगं छतातून सोडवली.

चौघं खाली उतरले. गाडीच्या मागे गेले. गाडीला हात टेकून उभे राहिले, दमलेला प्राणी टेकतो तसे. मग चालायला लागले. आणि काय नवल, गाडीही चालायला लागली!

"ढकलताय का, काका?" शाल्मलीने खिडकीतून विचारलं.

"छे! टेकलोय."

"पोरी, एक सांग," शिंगणे सर धापा टाकत म्हणाले. "गाडी पुढे जातेय का?"

"जातेय, सर."

"मग ती थांबली, असं म्हणणं तर्काला धरून होईल का?"

"नाही, सर."

"पुढे बघून चालव!"

अस्वलाची जीभ बाहेर आली. रानडुकराने नाक डिकीत रुतवलं. सांबराने शिंगं लावली. बापूंचे पाय तर जमिनीवर कमी आणि हवेत जास्त होते, पण त्यांनी हात सोडला नाही. शाल्मलीने आरशात पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा सगळी मोठी मंडळी तिच्या पाठीशी उभी होती.

सूर्य टेकडीला टेकला, तेव्हा गाडी फाटकात शिरली.

फाटकावर नाडकर्णीबाई होत्या. नाडकर्णीबाई म्हणजे पाणमांजर, कार्यालयाच्या प्रमुख. शेजारी कोल्हा नवे कपडे घालून उभा होता.

"शाल्मली काटे?"

"हजर!"

बाईंनी वहीत खूण केली. कोल्हा आपल्या काकांना भेटायला निघून गेला. बाईंचं लक्ष गाडीकडे गेलं. "मुनसू का? मीही घ्यायचा विचार करतेय. कशी आहे हो?"

चौघं गाडीमागे जमिनीवर पसरले होते. त्यांच्यात फक्त दोन शब्दांपुरता श्वास होता.

"एकदम... मस्त!"

"आणि देते किती?"

बापूंनी तोंड उघडलं, पण आवाज निघेना. बाई शाल्मलीकडे वळल्या. "तुम्ही सांगा. तुम्ही मोजणीदार. खोटा आकडा आपल्याकडे चालत नाही."

चौघांनी तिच्याकडे पाहिलं. असं त्यांनी तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. चार म्हातारे चेहरे, घामाने निथळणारे, आणि आठ डोळे, जे कधी कुणापुढे काही मागत नसत.

शाल्मलीने गाडीवर हात ठेवला.

"बाई," ती म्हणाली, "आज सकाळपासून बेचाळीस कोस आली. शेवटचा अर्धा कोस तर तेलाशिवाय आली. मी स्वतः बघितलं."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. बाईंनी भुवया उंचावल्या. चौघं उठून बसले. छात्या फुगल्या.

"पोरगी हुशार आहे," दातार केसकरांना म्हणाले. "आपल्याकडे शिकली."

शाल्मली नोकरीवर राहिली. गाडी घेऊन चौघं परत निघाले. टाकीत थेंब नव्हता, आणि तेल मागायचं तर टेकडीवर सगळ्यांना कळलं असतं. म्हणून ते बेचाळीस कोस टेकून टेकून चालत गेले. सहा दिवस लागले.

वडाच्या पारावर माकडांनी विचारलं, "मग? किती दिलं?"

बापूंनी सुपारी कातरली.

"जाताना तेल लागलं बुवा थोडं," ते म्हणाले. "येताना मात्र एक थेंब लागला नाही."

त्या महिन्यात जंगलात आणखी अकरा पिप्या विकल्या गेल्या.

आणि शाल्मली? तिचं काम होतं गावोगावचे पाणवठे मोजणं. पहिल्याच गावी ज्येष्ठ मंडळी पुढे आली. पाणवठ्यात पाणी घोट्याएवढं होतं. ज्येष्ठ म्हणाले, "आमच्याकडे वीस हात पाणी आहे. वाडवडिलांपासून."

आधीची शाल्मली असती तर काटे ताठ झाले असते. ही शाल्मली हात जोडून म्हणाली, "वा! मग परवा सकाळी सगळ्या गावासमोर तुमच्यापैकी एकाने उडी मारून दाखवावी. तशी नोंद करते."

मग ती दुपारी जवळच्या झुडपात जाऊन आडवी झाली आणि फावड्यांचा आवाज ऐकत निवांत पडून राहिली.

आज त्या भागात सत्तावीस पाणवठे आहेत. एकही वीस हातांपेक्षा कमी खोल नाही.

तात्पर्य : मुलांनो, मोठी माणसं खोटं बोलली तर त्यांना कधीही खोटं पाडू नका. तो आकडा चारचौघांत मोठ्याने म्हणायला लावा, टाळ्या वाजवा आणि वामकुक्षीच्या वेळी त्यांच्या वाटेतून बाजूला व्हा. खरं बोलणाऱ्यांच्या जोरावर आजवर एकही गाडी चढ चढलेली नाही.